आधी पाणी दाखवा!

"मास्तर, दिवाळीच्या सुट्टीत पोरं खोटे नकाशे काढत बसतात, जरा दटावा त्यांना!" वाशीतले एक पालक परवा मला तावातावाने म्हणाले. एक जण गोष्ट सांगणारा, बाकीचे तिच्यातले वीर, हाती फासे आणि मध्ये कल्पित राज्याचा नकाशा, असा हा खेळ. १९७४ साली तो अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने निघाला. आमच्या पोरांनी तो वहीच्या पानावर आणला, तर बिघडले कुठे? स्टीव्हन्सनने १८८१ साली सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला. त्यातूनच 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली. मग कादंबऱ्या लिहिणारा मी या पोरांना रिकामटेकडी कोणत्या तोंडाने म्हणू?

माझे भांडण निराळेच आहे. छापील नकाशा विकत आणू नका! त्यातला किल्ला डोंगरावर डौलाने उभा असतो. पण आतली शिबंदी प्यायची काय? वाशीच्या पोराला हा प्रश्न शिकवावा लागत नाही. त्याने टँकरची वाट पाहिलेली असते. आपल्याच जिल्ह्यातला नळदुर्ग पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तिथे बोरी नदीला बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. कोणत्या परीकथेत याहून अद्भुत काही आहे?

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझी एकच अट असते: राक्षस हवा तिथे बसवा, पण आधी पाणी दाखवा. खोट्या गावाला विहीर कुठे हवी हे ज्याला सुचते, तो खऱ्या गावाचीही काळजी करील. तेव्हा पालकहो, त्याची वही फाडू नका. रंगीत खडू आणून द्या!