वकिलाची फी आणि पक्षकाराची पिशवी

दिवाणी दाव्याचा खर्च म्हणजे केवळ वकिलाची फी नव्हे. न्यायालयीन शुल्क, समन्स बजावण्यासाठी भरावा लागणारा भत्ता, नकलांचा व टंकलेखनाचा खर्च, तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचे भाडे आणि तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी या साऱ्यांची बेरीज पक्षकाराच्या मूळ अंदाजाच्या बहुधा पुढे जाते. तरीही यांतील सर्वांत अनिश्चित आणि म्हणून सर्वांत जाचक बाब वकिलाची फीच असते. ती आटोक्यात कशी ठेवावी असे विचारले की कमी पैसे घेणारा वकील पाहावा, असा सल्ला गावोगाव दिला जातो. हा सल्ला अपुरा आहे आणि पुष्कळदा महागात पडणारा आहे. कारण एकूण खर्च फीच्या आकड्यावर ठरत नाही, तर त्या आकड्यात कोणती कामे धरली आहेत आणि पक्षकाराला स्वतः करता आली असती अशा कामांत वकिलाचा किती वेळ जातो, यावर ठरतो.

महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांत नेहमी दिसणारा वाटपाचा दावा घेतला, तर हे स्पष्ट होते. वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच राज्य दुरुस्तीने दिला, २००५ मध्ये तो हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने देशभर लागू झाला, आणि त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. त्यामुळे बहिणीने भावांविरुद्ध दाखल केलेले दावे आज अपवादाने आढळणारे राहिलेले नाहीत. अशा दाव्याला ठरावीक टप्पे असतात: दावा दाखल करणे, जमीन विकली जाऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, प्रतिवादींची कैफियत म्हणजे त्यांचे लेखी उत्तर, वादमुद्दे, साक्षीपुरावा व उलटतपासणी, युक्तिवाद आणि निकाल.

निकाल लागला म्हणजे काम संपले, अशी पक्षकाराची समजूत असते, आणि खर्चाचा सर्वांत मोठा धक्का नेमका तेथेच बसतो. वाटपाच्या दाव्यात प्रथम जो हुकूमनामा होतो तो प्राथमिक असतो. कोणाचा किती हिस्सा एवढेच तो सांगतो. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावे लागते. म्हणजे कागद महसूल खात्याकडे जातात, भूमी अभिलेख खाते मोजणी करते, सरस-निरस मानाने, म्हणजे चांगली व हलकी जमीन, विहीर, रस्ता यांचा मेळ घालून तुकडे पाडले जातात आणि मग ताबा मिळतो. या उत्तरार्धात हरकती येतात, अर्ज करावे लागतात, तहसील कार्यालयाचे हेलपाटे होतात. आरंभी ठरलेली फी ‘निकालापर्यंत’ होती की ‘ताब्यापर्यंत’, हे कोणी विचारलेलेच नसते. वकील पहिला अर्थ धरतो, पक्षकार दुसरा, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. फीची बोलणी करताना विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे, आणि तो ‘किती घेणार’ या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे.

फी ठरवण्याच्या रीती साधारणपणे तीन आहेत. पहिली ठोक रकमेची: एक आकडा ठरतो आणि त्यातील मोठा भाग आरंभीच दिला जातो. हिच्यात खर्चाचा अंदाज येतो, परंतु पैसे मिळून गेल्यावर चार वर्षांनी येणाऱ्या उलटतपासणीची तयारी तितक्याच आस्थेने होईल, याची खात्री केवळ वकिलाच्या सचोटीवर उरते. दुसरी तारखेवार: दर तारखेला काही रक्कम. ही रीत गरिबाला सोपी वाटते, कारण एकदम पैसे काढावे लागत नाहीत. प्रत्यक्षात दीर्घकाळ चालणाऱ्या दाव्यात तीच सर्वांत महाग ठरते, कारण न्यायाधीश रजेवर असले, समन्स बजावले गेले नाही किंवा समोरच्याने मुदत मागितली, तरी तारीख मोजली जाते. तिसरी रीत टप्प्यांची: दावा व मनाई अर्जापर्यंत इतके, साक्षीपुराव्याला इतके, युक्तिवादाला इतके, निकालानंतरच्या वाटपाच्या कामाला इतके, आणि अपील झालेच तर ते वेगळे. सामान्य पक्षकाराच्या हिताची हीच रीत आहे, कारण तिच्यात काम आणि दाम बरोबरीने पुढे सरकतात आणि वकील बदलण्याची वेळ आलीच तर कोणत्या कामाचे पैसे दिले गेले, हे दोघांनाही माहीत असते.

एक चौथी रीत अधूनमधून सुचवली जाते, ती मात्र स्पष्टपणे नाकारली पाहिजे. ‘आता काही देऊ नका, जमीन मिळाली की त्यातला हिस्सा द्या’ हा प्रस्ताव हातात पैसा नसलेल्या स्त्रीला दिलासा देणारा वाटतो. पण निकालावर अवलंबून असणारी फी ठरवण्यास आणि वादातील मिळकतीत वाटा घेण्यास भारतीय वकील परिषदेच्या व्यावसायिक आचारनियमांनी मनाई केलेली आहे. नियमामागचे कारण सरळ आहे: ज्याचा स्वतःचा हिस्सा त्या जमिनीत अडकला आहे, तो तडजोडीचा सल्ला निःपक्षपातीपणे देऊ शकत नाही.

ठरलेल्या गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. वकीलपत्र, म्हणजे आपल्या वतीने न्यायालयात काम चालवण्याचा अधिकार देणारा दस्त, त्यावर सही घेतली जाते. फीबाबत मात्र बहुतेकदा एक ओळही लिहिली जात नाही. वास्तविक परस्पर कराराने फी ठरवण्यास १९२६ पासून कायद्याची मान्यता आहे, आणि अशिलाकडून आलेल्या पैशांचा हिशेब ठेवणे व मागितल्यास त्याची प्रत देणे हे आचारनियमांप्रमाणे वकिलाचे कर्तव्य आहे. टप्पे, रकमा, टंकलेखन व नकलांचा खर्च फीत धरला आहे की बाहेर, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सही केली आणि प्रत्येक वेळी पावती घेतली, तर पुढचे कितीतरी मनस्ताप टळतात. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा संकोच पक्षकाराने सोडला पाहिजे. किराणा दुकानात जो हिशेब सहज मागितला जातो, तो आयुष्यातील सर्वांत मोठ्या व्यवहारात मागू नये, असे म्हणण्याला काही आधार नाही.

आता पिशवीकडे वळायचे. वाटपाच्या दाव्यासाठी प्रथमच वकिलाकडे जाणाऱ्या पक्षकाराच्या हातात कापड दुकानाची एक पिशवी असते. ती टेबलावर उपडी केली की तीन वेगवेगळ्या वर्षांचे सातबारे एकाच टाचणीत निघतात, घडीवर फाटलेला फेरफार निघतो, पीककर्जाची पावती, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची पुसट झेरॉक्स, भावाने पाठवलेली नोटीस पाकिटाविना, आणि या सर्वांत एका लग्नाची पत्रिकाही असते. हे कागद लावणे, गट क्रमांक जुळवणे, कोण कधी वारले हे विचारून विचारून वंशावळ काढणे यात वकिलाची किंवा त्याच्या कनिष्ठ सहकाऱ्याची दोन-तीन दुपारी जातात, आणि त्या दुपारींची किंमत फीच्या आकड्यात कुठे ना कुठे मिसळलेली असते. याउलट डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून काढता येतात. ते तारखेच्या क्रमाने लावावेत, प्रत्येकावर अनुक्रमांक घालावा, एका कागदावर वंशावळ व दुसऱ्यावर घटनाक्रम लिहावा, आणि आपल्याविरुद्ध जाणारा कागदही त्यात ठेवावा, कारण तो उलटतपासणीत समोरून बाहेर आला तर त्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. ही तयारी शिकलेल्या माणसालाच जमते, असेही नाही. दहावीत शिकणारी भाची ती एका रविवारात करून देऊ शकते.

तारखांबाबतही पक्षकाराच्या हाती बरेच काही आहे. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढील तारीख व ती कशासाठी आहे, हे घरबसल्या कळते; केवळ तारीख विचारण्यासाठी मारलेली फेरी त्यामुळे वाचते. जी तारीख साक्षीची आहे ती मात्र चुकवू नये, कारण वादीच गैरहजर राहिला तर मुदतीचा अर्ज, त्यावरील खर्चाचा आदेश आणि पुन्हा तयारी असा तिहेरी भार पडतो.

ज्यांना एवढीही फी परवडत नाही, त्यांच्यासाठीची व्यवस्था पुरेशी ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. राज्यघटनेतील अनुच्छेद ३९-अ आणि त्यानुसार झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ यांनी मोफत विधी साहाय्य हा हक्क केला आहे. त्या अधिनियमाआधीच, १९७८ मध्ये, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरजू कैद्याला वकील पुरवणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे सांगितले होते. १९८७ च्या कायद्याचे कलम १२ पाहिले तर स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. म्हणजे वर उल्लेखिलेली बहीण, सासरची परिस्थिती कशीही असली, तरी तालुका विधी सेवा समितीकडे साध्या अर्जावर वकील मागू शकते, आणि त्यात न्यायालयीन शुल्क व नकलांचा खर्चही येतो. फुकटचा वकील लक्ष देत नाही, ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. परंतु नेमलेल्या वकिलाकडेही लावलेली पिशवी घेऊन जाणाऱ्या पक्षकाराचे काम अधिक नीट होते, आणि तो वकील लक्ष देत नसल्यास बदलून मागण्याचा अर्ज त्याच समितीकडे करता येतो.

वकिलावरील खर्च सर्वांत जास्त वाचतो तो दावा न करता प्रश्न सुटला तर. सर्व सहधारकांची संमती असेल तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क केवळ १०० रुपये लागते. अशा वेळी वकिलाकडून पूर्ण दावा चालवून घेण्याऐवजी एका बैठकीचा सल्ला आणि वाटणीपत्राचा मसुदा एवढेच काम विकत घ्यावे. आपल्या हिश्श्यात विहिरीचे पाणी आणि वाटेचा हक्क लिहिला गेला आहे की नाही, हे त्या एका बैठकीतही कळते. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही, म्हणजे पुढच्या दोन न्यायालयांचा खर्चही टळतो. मात्र भावांच्या आग्रहाखातर हक्कसोडपत्रावर सही करणे ही तडजोड नव्हे. खर्चाच्या भीतीने हिस्सा सोडणाऱ्या बहिणींना हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

वकिलाशी बिनसले, तर काय करावे, याचीही माहिती असावी. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना खटल्यात ठरवले आहे. थकलेल्या फीसाठी त्याला कायद्याचे अन्य मार्ग आहेत. पक्षकाराला मात्र ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, कारण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निर्णय मे २०२४ मध्ये झाला. गैरवर्तनाची तक्रार राज्य वकील परिषदेकडे करावी लागते, आणि तेथे पुन्हा त्या एका पानाचा व पावत्यांचाच आधार असतो.

निकालानंतर पक्षकाराने वकिलाच्या कार्यालयातून निघताना निकालपत्राची व हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, दिलेल्या रकमांचा हिशेब आणि आपली संपूर्ण फाईल मागून घ्यावी, आणि न्यायालयात दाखल केलेले मूळ दस्तऐवज अपिलाची मुदत संपल्यावर परत मिळवण्याचा अर्ज केव्हा द्यायचा, हे विचारून ठेवावे. कारण मोजणीच्या दिवशी शेताच्या बांधावर भूकरमापकासमोर हेच कागद त्या बहिणीला पिशवीतून काढून दाखवायचे असतात.