मांजराच्या वाटीत काय असावे?

दोन महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आपल्या मांजरीला कापडी पिशवीत घालून दवाखान्यात आल्या. मांजरी चार वर्षांची, केस मऊ, अंगाने बरी. तक्रार एकच होती. "डॉक्टर, ही हल्ली दाराच्या चौकटीला धडकते. वाटी समोर ठेवली तरी तिला शोधावी लागते."

डोळ्यांवर बॅटरीचा प्रकाश टाकला. बाहुल्या मोठ्या झालेल्या, प्रकाशाला अजिबात दाद देत नव्हत्या. खाण्याविषयी विचारले तेव्हा बाई अभिमानाने म्हणाल्या, "सकाळी सायीसकट दूध-पोळी, दुपारी दूधभात, रात्री पुन्हा दूध-पोळी. आमच्याकडे मांसमच्छी नाही. पण हिला एक दिवस उपाशी ठेवलेली नाही हो." रोजचे अर्धा लिटर दूध त्या एकट्या मांजरीसाठी घेत होत्या.

तपासणीअंती निष्कर्ष निघाला तो हा की, आहारात एक आवश्यक घटक नसल्यामुळे मांजरीच्या डोळ्यांचे आतले पडदे निकामी झाले होते. गेलेली नजर परत येणार नाही, हे बाईंना सांगणे जड गेले. त्याहून जड गेली ती दुसरी गोष्ट. हेच पिल्लू चार वर्षांपूर्वी लस टोचायला माझ्याकडेच आणले होते. लस टोचली, जंताचे औषध दिले, पैसे घेतले. "हिला खायला काय घालता?" एवढे विचारायचे मात्र राहून गेले. म्हणून आजचा लेख.

बाईंनी त्या दिवशी मला एक प्रश्न विचारला. "माझ्या आईकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजरे होती. सगळी दूधभातावर जगली. मग हिलाच काय झाले?" प्रश्न रास्त आहे आणि तो अनेक वाचकांच्या मनात असेल.

उत्तर असे आहे की, आईकडची मांजरे दूधभातावर जगतच नव्हती. ती जगत होती धान्याच्या कणगीमागच्या उंदरांवर, परसातल्या पालींवर, चिमण्यांवर. दूधभात हा त्यांचा घरोबा होता, जेवण रात्री बाहेर होत असे. उंदरात मांस असते, काळीज असते, हाडांतून मिळणारा चुना असतो, आणि त्याच्या वजनाचा बराचसा भाग पाणीच असते. मांजराला लागते ते सगळे त्या एका घासात येते. आज आपण मांजराला दुसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात ठेवतो, खिडकीला जाळी लावतो. उंदीर गेला आणि उरला तो नुसता दूधभात. बाईंच्या मांजरीच्या बाबतीत झाले ते हे.

मांजर हा मांसाहारी प्राणी आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण तो किती पक्का मांसाहारी आहे याची कल्पना नसते. कुत्रा माणसाच्या संगतीत राहून भाकरी पचवायला शिकला. मांजर शिकले नाही. गाजर-पालकातील पिवळ्या द्रव्यापासून माणसाचे शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते, मांजराचे शरीर ते करू शकत नाही. त्याला ते तयार स्वरूपात, म्हणजे प्राण्याच्या शरीरातूनच मिळावे लागते. मांजराला गोड चवही कळत नाही. गोडी ओळखणारे त्याचे जनुक निकामी आहे, असे २००५ साली सिद्ध झाले. बासुंदीला तोंड लावते ते साखरेसाठी नव्हे, स्निग्धांशासाठी.

सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे टॉरिन. मांजराचे शरीर हा घटक पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांसात, मासळीत, विशेषतः कोंबडीच्या मांडीच्या मांसात आणि हृदयात असतो. धान्यात, डाळीत, भाजीत तो नसतो, दुधात अगदी थोडा असतो. टॉरिन न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. हृदय फुगून दगावणाऱ्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होते, आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होते. विशेष म्हणजे ती मांजरे बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. हृदयाचे दुखणे वेळीच कळले तर भरून निघते, डोळ्यांचे नुकसान मात्र कायमचे.

आता दुधाविषयी. डोळे मिटून दूध पिणारे मांजर आपल्या भाषेत इतके रुजले आहे की, दूध हेच मांजराचे अन्न असे आपण धरून चालतो. आईचे दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातली साखर पचवण्याची शक्ती कमी होते. पुष्कळांना त्याने जुलाब होतात. एखाद्याला दोन चमचे दूध सोसत असेल तर लाड म्हणून द्यावे, पण त्याला जेवण समजू नये. मांजराला पेय एकच, ते म्हणजे स्वच्छ पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते. पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावी.

मग खायला काय द्यावे? दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तयार खाद्याचा. आता तालुक्याच्या गावीही ही पाकिटे मिळतात. दुकानदार सांगेल ते किंवा पाकिटावरचे चित्र पाहून घेऊ नये. पाकीट उलटे करावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. एक, ते 'संपूर्ण आणि संतुलित' आहार आहे असे लिहिलेले असावे. 'पूरक' किंवा 'खाऊ' असे लिहिलेले पाकीट रोजच्या जेवणाला चालत नाही. दोन, ते कोणत्या वयासाठी आहे. पिल्लांना आणि गाभण मांजरीला पिल्लांचे खाद्य द्यावे. तीन, घटकांच्या यादीत सुरुवातीलाच मांस किंवा मासळी असावी, आणि टॉरिनचा उल्लेख असावा. चार, मुदतीची तारीख.

प्रथिनांचे आकडे वाचताना एक खाचखळगा आहे. कोरड्या खाद्यावर ३० टक्के आणि ओल्या खाद्याच्या पाकिटावर ९ टक्के प्रथिने लिहिलेली असतात. पाहणाऱ्याला ओले खाद्य फसवे वाटते. पण कोरड्यात पाणी सुमारे १० टक्के, ओल्यात ८० टक्के. पाणी वगळून हिशेब केला तर कोरड्यात ९० भागांत ३० म्हणजे सुमारे ३३ टक्के, आणि ओल्यात २० भागांत ९ म्हणजे ४५ टक्के प्रथिने भरतात. मोठ्या मांजराच्या खाद्यात पाणी वगळून निदान २६ टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात ३० टक्के प्रथिने असावीत, असा अमेरिकेतील सर्वमान्य दंडक आहे.

स्वस्त-महाग ठरवताना पाकिटाची किंमत पाहू नये, दिवसाचा खर्च पाहावा. चार किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे रोज साठ ग्रॅमच्या आसपास पुरे होते. ओल्या खाद्याच्या लहान पाकिटावर सगळा दिवस काढायचा तर तीन-चार पाकिटे लागतात आणि खर्च बराच वाढतो. मध्यममार्ग असा की, मुख्य आहार चांगल्या कोरड्या खाद्याचा ठेवावा आणि परवडेल तेवढे ओले खाद्य किंवा शिजवलेले मांस जोडीला द्यावे. परदेशी नाव आणि सोनेरी पाकीट याचे जादा पैसे मोजण्याची गरज नाही. मात्र कुत्र्याचे खाद्य स्वस्त म्हणून मांजराला घालणे ही काटकसर नव्हे. त्यात मांजराला पुरेल इतके टॉरिन आणि प्रथिने असतीलच असे नाही.

मोठ्या पोत्यातून किलोवर सुटे विकले जाणारे खाद्य घेऊ नये. त्यावर ना तारीख, ना घटकांची यादी. पावसाळ्यात तर त्याला बुरशी धरते. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच आणावे.

दुसरा मार्ग घरच्या अन्नाचा. ज्यांच्याकडे मांसाहार होतो त्यांना तो सोयीचा वाटतो, पण नुसते मांस म्हणजे पूर्ण आहार नव्हे. मांसात चुना फार कमी असतो. केवळ मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडे मऊ पडून उडी मारतानाही मोडतात. रोज काळीज घालणेही चुकीचे, कारण 'अ' जीवनसत्त्व जास्त झाले की मानेची हाडे आखडतात. आठवड्यातून एकदा लहान तुकडा पुरे. कोंबडीच्या मांड्यांचे मांस, हृदये, मासळीचे काटे काढलेले तुकडे, उकडलेले अंडे हे सर्व चांगले. शिजवल्यावर टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये, त्यासकट द्यावे. पूर्णपणे घरच्या अन्नावर मांजर ठेवायचे असेल तर चुना आणि इतर पूरके किती घालायची हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. ते जमत नसेल तर निम्मे तयार खाद्य, निम्मे घरचे हा व्यवहारी तोडगा आहे.

आपल्या ताटातला रस्सा मात्र देऊ नका. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. आपण ज्या मायेने रश्शात पोळी कुस्करून घालतो, तीच माया त्याला पांढरेफटक करते. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या घशात आणि आतड्यात रुततात. सुकट, बोंबील यांत मीठ फार असते. काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून मासळी शिजवूनच द्यावी. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एक गोळीही जीव घेऊ शकते.

दोन लक्षणांकडे दुर्लक्ष नको. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काही खात नसेल तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. 'भूक लागली की खाईल' असे म्हणून वाट पाहू नये. नवे खाद्य सुरू करतानाही जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करावा. दुसरे, बोका वारंवार लघवीला बसतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत तो दगावतो.

राहता राहिला शाकाहारी घरांचा प्रश्न. अनेकजण संकोचाने विचारतात, "आम्ही खात नाही, मग मांजरालाही शाकाहारी ठेवले तर?" माझे मत स्पष्ट आहे. आपला आहार आपल्या श्रद्धेने ठरावा, मांजराचा त्याच्या शरीराने. घरात मांस शिजवायचे नसेल तर तयार खाद्य आहे. त्याचा डबा आणि वाटी वेगळी ठेवा, गॅलरीत ठेवा. तेही मनाला पटत नसेल तर ससा पाळावा, मांजर पाळू नये. यात कोणाचा अपमान नाही. पण स्वतःच्या पुण्याचा खर्च मुक्या जनावराच्या डोळ्यांतून वसूल करणे मला मान्य नाही.

त्या बाई गणिताच्या शिक्षिका. ऐकून घेतल्यावर त्यांनी माझ्याच कागदावर हिशेब मांडला. त्यांच्याकडे दूध साठ रुपये लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे रोजचे तीस रुपये. मी सांगितलेले खाद्य चारशे रुपये किलो, म्हणजे साठ ग्रॅमचे चोवीस रुपये. थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रोज सहा रुपये जास्त घालून मी तिला आंधळी केली."

मी म्हटले, "बाई, त्यात माझाही वाटा आहे."

मांजरीचे हृदय सुदैवाने शाबूत होते. आता ती मांसाचे खाद्य खाते, आणि मिशांच्या आधाराने घरभर बिनचूक फिरते. बाईंनी घरातली एकही खुर्ची जागची हलवलेली नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आज संध्याकाळी त्याच्या वाटीत एकदा डोकावून पाहावे. आणि पुढच्या वेळी लस टोचायला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, की आम्ही याला हे हे खायला घालतो.