लाटेवर उभ्या राहणाऱ्या बायका

सातवीपर्यंत मैदानावर दंगा घालणाऱ्या मुली आठवी-नववीत मैदानाच्या कडेला बसायला लागतात. हे आपण सगळ्याच शिक्षकांनी पाहिलंय. "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील", "पडलीस तर लागेल", "लोक काय म्हणतील" ही वाक्यं तर घरोघरी ऐकू येतात. सर्फिंगमध्ये ऊन आहे, पडणं आहे आणि किनाऱ्यावर बघणारे लोकही आहेत. म्हणूनच खचलेल्या बाईला या खेळातून जे मिळतं, ते आपल्या आत्मविश्वासावरच्या व्याख्यानांतून मिळत नाही, असं माझं मत आहे.

खेळ सांगायला सोपा आहे. फळीवर पोटावर झोपायचं, हातांनी पाणी मागे सारत पुढे जायचं, आणि लाटेने फळी उचलली की हात टेकून झटकन उभं राहायचं. बस्स! पण हे 'बस्स' जमायला कित्येक दिवस लागतात. फळी दोरीने पायाला बांधलेली असते, कारण पडणं गृहीतच धरलेलं असतं. शिकणारी पुन्हा पुन्हा पडते, नाकातोंडात खारं पाणी जातं, पण त्याची कुणी चूक म्हणून नोंद करत नाही. (आपल्याकडे पहिल्याच चुकीला लाल शाईचा गोल!) शिवाय लाट अंगावर येत असताना जुनं दुःख उगाळत बसायला वेळच नसतो. तेवढे काही क्षण डोकं शांत राहतं. ज्या बाईला स्वतःचं शरीर म्हणजे नुसती काळजी किंवा लाज वाटत आलीय, तिला ते पहिल्यांदा कामाला येतं, तोल सांभाळतं.

हवाईची बेथनी हॅमिल्टन १३ वर्षांची होती. ३१ ऑक्टोबर २००३ रोजी शार्कने तिचा डावा हात तोडला. महिन्याभरात ती पुन्हा पाण्यात उतरली. एका हाताने धरता यावी म्हणून तिच्या फळीला मूठ बसवली होती. २००५ मध्ये तिने अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मला यातली ती मूठ फार महत्त्वाची वाटते. जिद्दीचं कौतुक आपण भरपूर करतो, पण मुलीला झेपेल अशी फळी करून द्यायला विसरतो.

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे आहे. २००४ च्या त्सुनामीने हा किनारा उद्ध्वस्त केला होता. परदेशी पर्यटक तिथे वर्षानुवर्षं सर्फिंगला येत, गावातले पुरुषही लाटांवर जात. गावच्या बायकांनी मात्र घर सांभाळायचं, हा रिवाज. २०१८ मध्ये तिथे देशातला पहिला महिला सर्फ क्लब सुरू झाला आणि आयासुद्धा फळी घेऊन पाण्यात उतरल्या. एकटीने हे जमलं नसतं. चारचौघी बरोबर असल्या की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.

आपल्या मुंबईत वाढलेली इशिता मालवीय मणिपालला पत्रकारितेचं शिक्षण घ्यायला गेली आणि तिथे सर्फिंग शिकली. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज ती ओळखली जाते. कर्नाटकातल्या कोडी बेंगरे गावात ती सर्फ क्लब चालवते. उन्हाने रापलेल्या रंगाची भीती मुलींना पाण्यापासून कशी दूर ठेवते, हेही ती मोकळेपणाने बोलते.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. अत्याचार, शोक किंवा नैराश्य यातून जाणाऱ्या बाईला समुपदेशक आणि डॉक्टर लागतातच. सर्फिंग त्यांच्या जागी नाही, जोडीला आहे. दक्षिण आफ्रिकेतली 'वेव्हज फॉर चेंज' ही संस्था हिंसेच्या छायेत वाढणाऱ्या मुलांसाठी सर्फिंग आणि मानसिक आधार एकत्रच देते. आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात किंवा प्रशिक्षकाशिवाय कुणीही हा प्रयोग करू नये.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्याला समुद्र आहे. तरी सहलीला गेल्यावर मुलगे गुडघाभर पाण्यात असतात आणि मुली वाळूत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेल्या! सर्फिंग राहू द्या, आधी पोहणं तरी शिकवू या. जवळच्या तलावावर महिला प्रशिक्षक आहे का, मुलींसाठी वेगळी वेळ मिळेल का, अंगभर पोहण्याचा पोशाख चालेल का, हे तीन प्रश्न पुढच्या पालकसभेत घ्यायला काय हरकत आहे? आणि आयांनाही विचारा, त्यांना शिकायचंय का.