पाव किलोचा दालचा

हिंजवडीत घरभाडं, फी आणि शाळेच्या व्हॅनचे पैसे गेल्यावर रविवारी मटण येतं ते जेमतेम पाव किलो. सहा माणसांत तेवढं पुरवायचं तर थंडीत दालच्यासारखं दुसरं काही नाही. भगिनींनो, नळीची दोन हाडं मात्र मागून घ्या.

३०० ग्रॅम हरभऱ्याची डाळ भिजवून, हळद घालून वेगळी शिजवा आणि घोटा. मटण कांदा, आलं-लसणात मऊ करा. मग डाळ आणि दुधीचे मोठे तुकडे घाला. चिंचेचा कोळ शेवटी. आधी घातला तर दुधी लवकर शिजत नाही.

सोबत बाजरीची भाकरी. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणावं, जुनं कडू होतं.

थोडी डाळ मी दुधी-चिंच घालून वेगळ्या पातेल्यात करते. समोरच्या काकूंना मटण चालत नाही, आणि त्यांच्या मुलाची नोकरी दिवाळीत गेली. मदत म्हणून त्या काहीच घेणार नाहीत. "जास्त झालाय" म्हटलं की घेतात.

धाकटी विचारते, "अम्मी, दर रविवारी जास्त कसा होतो?"

मी तिच्याच हातात डबा देते.