शोध लागला, निरोप कुठे अडला?

एचआयव्हीबाधित व्यक्ती नियमित औषध घेत असेल आणि चाचणीत तिच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे स्पष्ट सांगितले. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या किती घरांत हे पोहोचले? आजही गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल खरवडून मगच ती कपाटात ठेवली जाते. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून जवळचे उपचार केंद्र सोडून लोकलने दूरच्या केंद्रावर जाणारेही आहेत. त्यात कामाचा दिवस बुडतो, कधी औषधाचा खाडा होतो, आणि खाड्यानेच विषाणू पुन्हा बळावतो.

सरकारी केंद्रांवर हे औषध २००४ पासून मोफत मिळते. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करण्यास, नोकरी, शाळा वा भाड्याचे घर नाकारण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदाही १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सोसायट्यांच्या किती पदाधिकाऱ्यांनी तो वाचला असेल?

रुग्णाने औषध का सोडले, हे केंद्रातल्या समुपदेशकाला नेमके ठाऊक असते. मासिक अहवालात मात्र त्याचा फक्त आकडा होतो. ही कारणे नोंदवून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचवावीत. एक डिसेंबरच्या एड्स दिनाच्या फेरीइतकेच महत्त्व या कामाला द्यावे. शंका असेल त्याने १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक फिरवावा.