कंपनी बुडते तेव्हा रांगेत कोण कुठे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची कंपनी कायद्यातील पहिली ओळख होते ती लंडनच्या सालोमन नावाच्या बूट बनविणाऱ्या व्यापाऱ्याशी. त्याने आपला धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. एकूण २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग त्याच्याकडे होते, उरलेले सहा घरच्याच माणसांकडे. कंपनी बुडाली. मालक आणि कंपनी या दोन वेगळ्या व्यक्ती होत, सबब कंपनीच्या देण्यांना मालक जबाबदार नाही, असा निर्णय १८९६ साली ब्रिटनच्या उमराव सभेने दिला. विद्यार्थी हे पाठ करतो आणि पाच गुणांची टीप लिहितो. त्याच कंपनीचे कर्जरोखेही सालोमनच्या नावे होते, त्यामुळे बिनतारणी धनकोंच्या हाती काही लागले नाही, ही बाब मात्र उत्तरपत्रिकेत क्वचितच येते. आणि कायद्याचा खरा प्रश्न तर तिथेच सुरू होतो : मालकाचे दायित्व मर्यादित झाले, तर उरलेला भार कोणाच्या खांद्यावर पडतो?

या प्रश्नाचे उत्तर आज जुन्या निवाड्यांच्या संग्रहात शोधण्याची गरज नाही. ते वर्तमानपत्रात आहे. १९९३ पासून उड्डाणे करणारी मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. त्याआधीच हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. जून २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नादारीची प्रक्रिया सुरू केली. जून २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण विमान काही उडाले नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील अधिकार वापरून कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला.

अशा विक्रीतून येणारा पैसा कोणाला कोणत्या क्रमाने द्यावयाचा, हे २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या ५३ व्या कलमात सांगितले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणारे तारणधारी धनको, दोघेही एकाच पायरीवर. त्याखाली ‘कामगारांव्यतिरिक्त इतर कर्मचारी’, तेही बारा महिन्यांपुरते. मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार, आणि अगदी तळाशी भागधारक. कागदावर ही उतरंड न्याय्य दिसते. भागधारकाने धोका पत्करला, त्याने शेवटी उभे राहावे, हे योग्यच आहे.

कामगारांना बँकांच्या बरोबरीचे स्थान कोणी दयाबुद्धीने दिलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. तो चालू असतानाच एका वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याच्या अर्जात कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असे ठरविले. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम आले आणि कामगारांची देणी तारणधारी धनकोंच्या बरोबरीला बसली. त्या तरतुदीत महिन्यांची मर्यादा नव्हती. २०१६ च्या संहितेने ती घातली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरविली.

वैध असणे वेगळे आणि शहाणपणाचे असणे वेगळे. चोवीस महिने कधीपासून मोजावयाचे? जेटचे अवसायन ठरले त्या वेळी कलमाचे शब्द होते : अवसायन सुरू होण्याच्या तारखेपूर्वीचे. ते जसेच्या तसे घेतले, तर नोव्हेंबर २०२४ पासून मागे मोजलेली दोन वर्षे नोव्हेंबर २०२२ पाशी संपतात. त्या काळात कंपनीत विमानही उडत नव्हते आणि बहुतेकांना कामही नव्हते. पगार थकले ते २०१९ मध्ये! रांगेत मानाचे स्थान द्यावयाचे आणि खिडकी उघडण्याच्या वेळी ‘आपली तारीख उलटली’ असे सांगावयाचे, असा हा प्रकार झाला. प्रक्रिया जितकी लांबेल तितका कर्मचाऱ्याचा हक्क झिजतो, आणि ती लांबविणे त्याच्या हाती कधीच नसते. मुदत मोजावयाची ती नादारीची प्रक्रिया सुरू झाल्याच्या दिवसापासून, हेच न्यायाला धरून आहे.

दुसरी अडचण ‘कामगार’ या शब्दाची. त्याची व्याख्या संहितेने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून उसनी घेतली. शारीरिक, तांत्रिक, कारकुनी काम करणारा तो कामगार, व्यवस्थापक नव्हे, आणि पर्यवेक्षकाचा पगार महिना दहा हजारांहून अधिक असेल तर तोही नव्हे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा अठरा हजार केली, एवढेच. म्हणजे तिकीट खिडकीवरचा कारकून वरच्या पायरीवर आणि त्याची हजेरी पाहणारा खालच्या. दोघांच्या घरी वाण्याचे बिल मात्र सारखेच थकलेले असते.

शिक्षकांनी तर या व्याख्येकडे विशेष लक्ष द्यावे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे. अध्यापन हे कारकुनी कामही नव्हे आणि कुशल श्रमही नव्हे. शाळा ट्रस्टच्या वा सरकारच्या होत्या तोवर अवसायनाच्या दृष्टीने या निर्णयाची झळ कोणाला लागण्याचे कारण नव्हते. आता शिकवणीचेच कंपनीकरण झाले आहे. बायजूज चालविणाऱ्या थिंक अँड लर्न या कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या न्यायाधिकरणाने नादारीची प्रक्रिया सुरू केली. अपिलात ती थांबली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पुन्हा चालू झाली. अशा कंपनीवर अवसायनाची वेळ आली, तर १९८८ च्या निर्णयानुसार तेथील शिक्षकाची जागा बारा महिनेवाल्यांच्या पायरीवर ठरेल. कार्यालयातील कारकुनाच्या एक पायरी खाली.

एका बाबतीत मात्र कायद्याने दोघांना सारखेच संरक्षण दिले आहे. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी यांची रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही, म्हणजे तिला रांगेत उभेच राहावे लागत नाही. जेटच्या प्रकरणात ही देणी पूर्ण द्यावीत असे अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पगारपत्रकात कापलेली रक्कम निधीच्या खात्यात दरमहा खरोखर जमा होते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र कंपनी चालू असतानाच करावे लागते.