घडाचा श्वास आणि उपवासाचा दिवस

रावेर-यावलच्या शिवारात कापलेला केळीचा घड झाडापासून सुटतो, पण मरत नाही. ट्रकमध्ये, वखारीत, आपल्या स्वयंपाकघरातही तो श्वसन करीत असतो. सालीवरील सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू आत जातो, कर्बवायू बाहेर पडतो आणि पेशींत साखरेचे सावकाश ज्वलन होऊन ऊर्जा व ऊब निर्माण होते. पिकू लागताच हे श्वसन एकाएकी वाढते. पिकवणीच्या खोल्या थंड ठेवाव्या लागतात, त्या फळांच्या या अंगच्या उष्णतेमुळेच. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असते. पूर्ण पिकेपर्यंत त्यातील बहुतेकाची साखर झालेली असते.

आपल्या देहातही हाच व्यवहार चालतो. कळण्याच्या भाकरीतील पिष्टाचे ग्लुकोज होते, ते रक्तावाटे पेशीपेशीत पोहोचते आणि तेथील तंतुकणिकांत प्राणवायूच्या साहाय्याने त्यातील ऊर्जा मोकळी होते. ज्वाला नाही, धूर नाही; पायरीपायरीने चाललेले हे ज्वलन. नाकाने घेतलेला श्वास हे केवळ त्याचे प्रवेशद्वार होय.

भेद आहे तो शिलकीचा. केळ्याजवळ पिष्टाचा साठा असतो. मेंदूजवळ तो जवळजवळ नसतो. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो आणि त्यासाठी रक्तातील ग्लुकोजवर क्षणोक्षणी विसंबतो. निरोगी माणसाने एक वेळ न जेवल्यास यकृत आपल्या साठ्यातून ती उणीव भरून काढते. परंतु मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या वृद्धांनी औषध घेतले आणि एकादशीचा अथवा श्रावणी सोमवारचा उपवास धरला, तर औषध साखर खाली ओढतच राहते आणि यकृताची भरपाई अपुरी पडते.

अशा वेळी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. आजी उगाच चिडतात, आजोबा घरातल्याच माणसाला ओळखत नाहीत. ‘वय झाले’ म्हणून याकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते घरातील शुश्रूषेत याहून घातक गैरसमज क्वचितच असेल. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर जाणवत नाही, म्हणून घामाकडे विशेष लक्ष द्यावे.

ग्लुकोमीटरवर आकडा ७० पेक्षा कमी आला, किंवा यंत्र जवळ नसले तरी लक्षणे दिसली, की रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पेढा किंवा चॉकलेट नको; त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, फरक नसल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर भाकरी, दूध, केळे असे काही पोटात जाऊ द्यावे, उपवास तेथेच सोडावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गोळीचा अंमल दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या रात्री रुग्णाजवळ कोणीतरी झोपावे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. पुढच्या उपवासाआधी औषधांचा डबा घेऊनच त्यांच्याकडे जावे: उपवास धरायचा की नाही, आणि धरल्यास कोणती गोळी केव्हा व किती घ्यायची, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.